गिटारच्या मध्ये जोडलेला चेहरा

भीमा गिटारवाला सोलापुरात येणार, ही बातमी संघप्रियाने सकाळी चहाबरोबरच आणली. संघप्रिया ही महिपतीची सून. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, घरातल्याच एका खोलीत तिचे दोन मोठे कॉम्प्युटर आहेत. यंदा जयंतीला विहाराच्या हॉलमध्ये वस्तीतल्या जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा सत्कार ठेवलाय, त्यासाठी भीमा खास मुंबईहून येतोय आणि त्याच वेळी त्र्याहत्तर सालची ती फिल्म पडद्यावर दाखवायची आहे, असं ती हौसेने सांगत होती. महिपतीने कप असा आदळला की चहा बशीत सांडला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे धरलेले, एका कानाने कमी ऐकू येतं. पण भीमाचं नाव तो कुठल्याही कानाने पहिल्या हाकेत ऐकतो.

त्याची बायको मुक्ताबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. भेट हुईल."

झालं. महिपतीच्या अंगाची लाही लाही झाली. भेट हुईल म्हणजे काय? कुणाची कुणाशी? आणि मेथी निवडताना हसायला काय झालं? ती हसली होती की नाही, हा प्रश्नच आहे. पण महिपतीने पाहिलं म्हणजे ती हसली असणारच, असा त्याचा हिशोब गेली पन्नास वर्षं चालत आलेला आहे.

हे जळणं समजून घ्यायचं तर आधी पंचाक्षरी समजून घ्यायला हवा. पंचाक्षरी म्हणजे महिपतीचा मास्तर. त्याचा बाजारात फोटो स्टुडिओ होता आणि महिपती मिसरूड फुटल्यापासून त्याच्याकडे कामाला होता. पंचाक्षरीला सिनेमाचं वेड. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्याने वाचलं, की विलायतेत आणि अमेरिकेत रॉकची गाणी वाजवणाऱ्या पोरांचे कार्यक्रम मोठमोठ्या मैदानांत होतात, आणि त्यांची फिल्म काढायला एक सोडून पाचसहा कॅमेरेवाले एकदम सोडतात. कोणी वादकाच्या पायाशी लोळतो, कोणी गर्दीत घुसतो, कोणी लांब मचाणावर बसून सगळं मैदान घेतो. मग महिनोन्‌महिने टेबलावर बसून ते तुकडे असे जोडतात, की बघणाऱ्याला वाटावं, आपण एकाच वेळी सगळीकडे होतो. हे वाचल्यापासून पंचाक्षरीला चैन पडेना. सोलापुरात कॅमेरे जमवता येतील, पण रॉक कुठून आणायचा?

तर भीमा होता की! मिलच्या मागच्या वस्तीतलाच पोरगा. सुताराकडून सागवानाची गिटार कापून घेतली, तिला मुंबईहून आणलेला विजेचा सरंजाम बसवला, आणि तिची वायर लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला जोडली. लग्नाच्या बँडमधला मोठा ढोल आडवा पाडून त्याला पायाने मारायची काठी लावली. अशी त्याची पार्टी. जयंतीची गाणी ही पोरं गिटारवर वाजवायची, आणि म्हातारी माणसं कानांवर हात ठेवून का होईना, ऐकायला बसायची. भीमाचे केस मानेवर रुळायचे. पँटचे पाय खाली एवढे रुंद, की चालला की रस्ता झाडला जायचा. वस्तीतल्या पोरींना तो बघावासा वाटायचा, हे महिपतीला कोणी सांगायची गरज नव्हती. महिपतीकडे पाय अरुंद असलेली एक पँट होती.

त्या वर्षी दुष्काळ होता. लोक दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले असायचे, पण जयंती थांबली नाही. मैदानात स्टेज बांधलं. समोर मचाणावर स्वतः पंचाक्षरी, स्टेजच्या कडेला त्याचा पुण्याचा मेव्हणा, आणि तिसरा कॅमेरा महिपतीच्या हातात. महिपतीला मास्तरचा हुकूम होता.

"तू स्टेजकडं बघायचंच न्हाई. तू पब्लिकचे चेहरे घे. नुसते चेहरे. विलायतेतले लोक काय म्हणत्यात, चेहरे नसले तर फिल्म शिवता येत न्हाई."

त्यातली गोम अशी, की हे कॅमेरे चावीचे. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, मग तो अर्धा मिनिट घरघरायचा आणि मान टाकायचा. पुन्हा चावी. रीळ म्हणाल तर तीनएक मिनिटांत खलास, मग उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून नवं चढवायचं. आवाज वेगळाच, टेपरेकॉर्डरवर. टेपला कॅमेऱ्याची खबर नाही, कॅमेऱ्याला टेपची नाही. कुठला चेहरा गाण्याच्या कुठल्या ओळीला टिपला, हे नंतर टिपणाऱ्यालासुद्धा सांगता येत नसे.

महिपती बायकांच्या बाजूला उभा होता. आणि बायकांत मुक्ता बसलेली होती. तिच्याशी त्याची सुपारी फुटलेली, लग्न वैशाखात. स्टेजवर काशम्मा गात होती, ऐनवेळी उभी केलेली, हातात माइक धरल्यावर हात थरथरतोय अशी. तिच्या मागे भीमाची गिटार. महिपतीने हुकूम पाळला, स्टेजकडे पाठ फिरवली आणि चेहरे घेऊ लागला. मास्तरने शंभर चेहरे सांगितले होते. महिपतीने वीसेक घेतले आणि मुक्ताचा एकटीचा तीनदा घेतला. फिल्म एवढी महाग, एवढी दुर्मीळ, पण होणाऱ्या बायकोवर खर्च करायची नाही तर कुणावर?

फिल्म मुंबईला धुवायला गेली. परत आली तोवर लग्न होऊन गेलं होतं. मग पावसाळाभर स्टुडिओच्या मागच्या खोलीत, दिवसा खिडकीला पोतं लावून, मास्तर आणि महिपती ती शिवत बसले. शिवत बसले हाच शब्द बरोबर. हाताने फिरवायची दोन चाकं, मध्ये तळहाताएवढी काच, तिच्यात चित्र बघायचं, कात्रीने कापायचं, कड खरवडून फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं आणि दाबून धरायचं. उरलेल्या पट्ट्या दोरीला चिमट्यांनी टांगलेल्या. आवाज आणि चित्र जुळवायला एकच उपाय. ढोलावर काठी पडताना दिसली, की टेपवर तो ठोका शोधायचा.

सगळं जुळत आलं आणि भीमाच्या गिटारपाशी अडलं. काशम्माचं गाणं संपल्यावर भीमा एकटाच वाजवत सुटला होता. बोटं चढवत चढवत त्याने असा रंग आणला, की मैदान उठून उभं राहिलं. आणि नेमकी तेव्हाच मचाणावरच्या कॅमेऱ्याची चावी उतरलेली आणि मेव्हण्याचं रीळ संपलेलं. टेपवर गिटार वाजतेय आणि चित्राला भोक पडलंय.

पंचाक्षरी दोरीवरच्या पट्ट्या काचेखाली धरून बघत गेला, आणि एकीपाशी थांबला. "ही बघ! काय नजर हाय रे पोरीची! डोळ्याची पापणी हालत न्हाई. हीच लाव मध्ये."

ती मुक्ता होती. मान थोडी पुढे, ओठ किंचित विलग, डोळे असे लागलेले, की स्टेजवर जे काय आहे ते उचलून घरी न्यावं.

"मास्तर, ही गिटारच्या टायमाची न्हाय वाटतं," महिपती म्हणाला.

"मग कुठल्या टायमाची हाय?"

महिपतीला सांगता आलं नाही. मास्तरने बोटभर पट्टी कापली, महिपतीने स्वतःच्या हाताने कड खरवडली, सिमेंट लावलं आणि दाबून धरलं. भीमाची बोटं, मग मुक्ताचा चेहरा, मग पुन्हा भीमा, घामाने केस चिकटलेला. काचेत बघितलं तर जोड एकदम झकास बसला होता. मास्तरने त्याची पाठ थोपटली.

फिल्म दसऱ्याला विहारासमोर दाखवली. पांढरी चादर ताणून बांधलेली, अख्खी वस्ती मांडी घालून बसलेली. महिपती टेपरेकॉर्डरपाशी. टेप पुढे पळाली की चक्रीवर अंगठा टेकवून तिला धीमं करायचं, हे त्याचं काम. गिटार आली, मुक्ता आली, पुन्हा भीमा आला. आणि बायकांतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आगं बया! मुक्ती बघ भीमाकडं कशी बघायलीय!"

हशा असा उसळला की टेप ऐकू येईना. महिपतीचा अंगठा चक्रीवर तसाच दाबलेला राहिला आणि भीमाची गिटार घोगरी होऊन रडायला लागली, त्यावर आणखी हशा. नवी नवरी मुक्ता तोंडाला पदर लावून बसली होती. पदराआड ती हसली की रडली? महिपतीला वाटलं, हसली.

आता बघा, जोड कुणी लावला? यानेच. खोटा आहे हे कुणाला ठाऊक? यालाच. पुढे याने स्वतःचा स्टुडिओ काढला, व्हिडिओ आल्यावर सोलापुरापासून अक्कलकोटपर्यंत लग्नं शूट केली. मुलीच्या पाठवणीला एकाही मावशीच्या डोळ्यात पाणी नसलं, तर हा पठ्ठ्या सकाळच्या हळदीत शिंकलेल्या मावशीचा डोळे पुसतानाचा तुकडा तिथे बेमालूम लावायचा, आणि वधूपिता कॅसेट बघून हुंदके द्यायचा. महिपती चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगायचा, "चेहऱ्याचं काय हाय, चेहरा कुटंबी लागतो." जगातल्या प्रत्येक चेहऱ्याबद्दल त्याला हे पटलेलं होतं. एक सोडून.

त्या एका चेहऱ्यापायी त्याने काय काय केलं म्हणून सांगू? मुलगा गिटार शिकतो म्हणाला तेव्हा त्याला तबला आणून दिला. भीमा मुंबईला जाऊन मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला, त्याची कॅसेट वस्तीत घरोघरी वाजली, महिपतीच्या घरातला टेप मात्र नेमका तेव्हाच नादुरुस्त झाला. मुक्ताबाई भाकरी थापताना काहीबाही गुणगुणायची. महिपती पेपरातून डोकं वर न काढता विचारायचा, "कुठलं गाणं म्हणे?" ती गप्प व्हायची. असं दहापाच वेळा झालं आणि तिने गुणगुणणंच सोडलं. त्याला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

मास्तर वारल्यावर फिल्मचा डबा, टेप आणि उरलेल्या पट्ट्यांची पिशवी महिपतीकडे आली. किती वेळा त्याने तो डबा रद्दीत घालायला काढला. पण माणूस खपली काढून बघतोच. बायको बाजारात गेली, की हा माळ्यावर चढून डबा काढायचा, फिल्म उलगडत नेमकी त्या जागी आणायचा आणि खिडकीच्या उजेडात धरायचा. नखाएवढी मुक्ता. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळ्या भीमाकडे बघणाऱ्या. माझ्याकडे अशी कधी बघितलीस गं? एकदा तरी? संसार झाला, दोन लेकरं झाली, दुखण्याखुपण्यात रात्री जागवल्यास, पण अशी कधी बघितली नाहीस. मग तो डबा परत ठेवायचा आणि संध्याकाळी आमटीत मीठ कमी असल्याचं भांडण काढायचा.

हा डबा घराच्या रंगकामाच्या वेळी संघप्रियाच्या हाती लागला. तिने कुणाला न विचारता तो, पट्ट्यांची पिशवी आणि मास्तरची टेप, सगळं पुण्याला नेलं आणि कॉम्प्युटरवर उतरवून आणलं. तिला वाटलं, मामा खूश होतील.

भीमाची बातमी आली त्या दुपारी मामा तिच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, एक तुकडा काढून टाक."

"कुठला ओ मामा?"

"गिटारच्या मधला. बाईचा."

"आत्यांचा?" संघप्रिया हसली. "तोच तर सगळ्यात भारी शॉट आहे. तो काढल्यावर तिथं काय लावू?"

"काहीबी लाव. काळं ठेव. पण सगळ्या वस्तीपुढं, त्या भीमाच्या शेजारी बसून मला ते पुन्हा बघायचं न्हाय." आणि एवढं बोलून झाल्यावर त्याचा आवाज घसरला. "एकदा बघितलंय. लई झालं."

घरातली कुजबुज संघप्रियाला आता आठवली. ती म्हणाली, "बरं. उद्या सांगते तुम्हाला," आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच हाक मारली. "मामा, काढायचं की नाही ते नंतर. आधी हे बघा."

पडद्यावर मुक्ता होती. पण बोटभर नव्हे, लांबलचक. संघप्रियाने पिशवीतल्या उरलेल्या पट्ट्यांत त्या शॉटची दोन्ही टोकं शोधली होती, मास्तरच्या कात्रीच्या आधीचं आणि नंतरचं, आणि सगळं एकत्र जोडलं होतं. त्या लांब तुकड्यात मुक्ता नुसती बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते.

"म म्हणताना ओठ मिटतात," संघप्रिया म्हणाली. "लग्नातली भाषणं मी अशीच जुळवते, आवाज बिघडला तर. हे बघा, मिटले, पुन्हा मिटले, पुन्हा. आणि ही बघा, स्टेजच्या दिव्यानं ढोलवाल्याची सावली मागच्या कनातीवर हलतेय. त्या ठोक्यावरून मी टेपवरची जागा काढली. हे गिटारच्या वेळचं नाहीच. हे गाण्याच्या सुरुवातीचं आहे. काशम्माताई गात होत्या तेव्हाचं."

तिने टेप लावली. काशम्माचा कापरा आवाज खोलीत आला. गिटार कुठेतरी मागे, नुसती ठेका धरून.

महिपतीला क्षणभर कळेना काय होतंय. मग असा आनंद झाला, की या वयात उठून नाचावंसं वाटलं. भीमा नव्हता! ती भीमाकडे बघतच नव्हती! पन्नास वर्षांची धोंड छातीवरून उतरली. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि प्रथमच बायकोचा चेहरा शांतपणे बघितला.

आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. ही नजर प्रेमाची नव्हती. ही नजर त्याला चांगलीच ओळखीची होती, दाढी करताना आरशात रोज दिसणारी. कुणीतरी आपलं काहीतरी उचलून नेलंय आणि आपल्याच डोळ्यांदेखत मिरवतंय, अशी.

तेवढ्यात मुक्ताबाई चहा घेऊन आत आली. पडदा बघून थबकली, चष्मा वर सरकवला आणि कप हातातच ठेवून बघत राहिली.

"चुकली बघ तितं," ती म्हणाली.

"कोण?" संघप्रियाने विचारलं.

"काशी. पयलं कडवं ‘माझ्या मायच्या माथ्यावर’ हाय. ती घाबरली आनि एकदम ‘उजाडलं गं अंगणात’वर गेली. माझ्या तोंडातनं ऐकून शिकली आनि माझ्याच डोळ्यापुढं चुकली."

संघप्रियाने तुकडा पुन्हा लावला. टेपवर काशम्मा ‘उजाडलं’ म्हणत होती आणि पडद्यावर एकोणीस वर्षांच्या मुक्ताचे ओठ मिटत होते. माझ्या. मायच्या. माथ्यावर.

"तू गायचीस?" महिपतीने विचारलं.

"मग? दोन म्हैने तालीम केलती. भीमानं चाल लावली, म्हनायची मी. जयंतीच्या तोंडावर तुमच्या अक्का आल्या आमच्याकडं. म्हनल्या, पोराचा निरोप हाय, पोरगी स्टेजवर उभी ऱ्हायली तर सुपारी मोडली म्हनून समजा. आई रडली, बाप गप बसला. मग रातोरात काशीला उभी केली."

"मी असला निरोप..." महिपती बोलता बोलता थांबला. त्याला आठवलं. अक्का, त्याची थोरली बहीण, मिरच्या वाळत घालत होती. हा कॅमेऱ्याची काच पुसत होता. पोरगी भीमाच्या पार्टीत गाते म्हणे, असं अक्का म्हणाली, आणि हा काच पुसता पुसता म्हणाला, मला असलं पसंत न्हाय, सांगून टाक त्यांना. एवढंच. दोन मिनिटांची गोष्ट. त्यानंतर तो ती विसरला तो आजपर्यंत.

"अक्काला मी नुसतं म्हणलो होतो," तो पुटपुटला.

"नुसतंच म्हनला असाल की."

एखाद्याने इथे तरी गप्प बसावं. पण महिपती तो महिपतीच. "मग भीमा?" त्याने विचारलं.

"भीमाचं काय? त्याला गिटार सोडून काय दिसत हुतं व्हय?" मुक्ताबाईने कप टेबलावर ठेवले. "मी जळत हुते त्या काशीवर. आजूनबी जळते. जयंतीला तिचं गाणं लागलं की तर लईच."

"आणि मी इतकी वर्षं भीमावर... तुला माहीत होतं?"

"समद्या वस्तीला म्हाईत हाय. मला नसंल?"

"मग सांगितलं का न्हाईस? एका शब्दाचं तर काम होतं."

मुक्ताबाईने त्याच्याकडे सरळ बघितलं. रागावून नव्हे, भाजीवालीने उरलेला माल किती हे सांगावं तसं. "तुमच्या एका शब्दानं माझं गाणं गेलं. माझ्या एका शब्दानं तुमचं जळणं गेलं असतं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

ती गेली. चहावर साय धरली. संघप्रिया उगाच माउस इकडून तिकडे हलवत राहिली. तिने विचारलं, "मग काढू का मामा तो तुकडा?"

"काढू नको," महिपती म्हणाला. "जिथला हाय तिथं लाव."

जयंतीच्या कार्यक्रमाला हॉल गच्च भरला होता. भीमा आला. मानेवरचे केस गेले होते, मानेला पट्टा होता, आणि बोटं अशी आखडलेली, की हार गळ्यातून काढतानाही दुसऱ्याने मदत करावी. महिपती त्याच्यासमोर उभा राहिला. शेजारी मुक्ताबाई. भीमाने महिपतीचा हात हातात घेतला, फोटोवाला ना तू, म्हणाला. मग मुक्ताबाईकडे बघून सभ्यपणे विचारलं, "ह्या कोण?"

पन्नास वर्षं! आणि ह्या कोण! महिपतीला हसावं की त्याच्या मानेचा पट्टा आवळावा कळेना. ज्याच्यावर जळून जळून कोळसा झाला, त्या माणसाला त्याच्या बायकोचं तोंडही आठवत नव्हतं.

"माझी बायको," तो म्हणाला. "तुझं गाणं हिनं बसवलेलं."

भीमाने कानामागे हात नेला. त्याला ऐकू आलं नव्हतं. महिपतीने पुन्हा सांगितलं नाही.

फिल्म सुरू झाली. मुक्ता आता गाण्याच्या सुरुवातीला होती, काशम्माच्या आवाजावर. कोणी हसलं नाही, कोणी काही म्हणालं नाही. तरुण पोरं आपापल्या आज्या-आजोबांना ओळखण्यात गुंगली होती. गिटारच्या मध्ये संघप्रियाने एक म्हातारा लावला होता, दोन्ही हात कानांवर घट्ट धरून बसलेला, आणि त्याच्यावर हॉलमध्ये असा हशा पिकला की विचारू नका. झकास जोड होता. महिपतीच्या हाताने लावला असता तरी याहून बरा बसला नसता.

मग शालींचा कार्यक्रम झाला आणि पाठोपाठ काशम्माला आग्रह सुरू झाला. ताई, तेच गाणं, तेच गाणं. काशम्मा आता नावाजलेली गायिका, पंचक्रोशीत तिच्याशिवाय जयंतीचं स्टेज सजत नाही. तिने माइक घेतला. हात अजिबात थरथरत नव्हता. डोळे मिटून तिने सूर लावला आणि थेट ‘उजाडलं गं अंगणात’वर गेली. पन्नास वर्षं ती तसंच गात आली होती, आणि आता सगळं सोलापूर तसंच गातं.

महिपतीने शेजारी बघितलं. मुक्ताबाईची मान थोडी पुढे झाली होती. डोळे स्टेजवर लागलेले, पापणी हलत नव्हती. ओठ मिटत होते, उघडत होते. आवाज नव्हता.

"जा की वर," तो तिच्या कानाशी म्हणाला. "म्हण. आता कोण अडवायलंय?"

"आता आवाज कुटं ऱ्हायलाय," ती म्हणाली. मान तिने वळवली नाही. "गप बसा. ऐकू द्या."

स्टेजवर काशम्मा गात होती आणि त्याची बायको तिच्याकडे बघत होती, खिडकीच्या उजेडात, फिल्मवर त्याने हजारदा बघितली होती तशीच. भीमा पहिल्या रांगेत पेंगत होता, त्याच्याकडे महिपतीचं लक्षही गेलं नाही. त्याला काशम्माचा हेवा वाटत होता. मुक्ताबाई अशी फक्त तिच्याकडेच बघत आली होती.